खांद्यावरचा वण

दौंड, रेल्वे क्वार्टर्स
रविवार, ७ जुलै १९६३

सगुणा,

सलाम घे, रामराम घे, गोड लागेल तो ठेव आणि उरलेला परत पाठव. नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणाचं काही वाईट झालेलं नाही. मी बानू. शिरूरच्या शेखलाल घड्याळवाल्यांची बानू, सातवीत तुझ्या शेजारी बसणारी आणि तुझ्या डब्यातले हुलगे तुझ्याआधी संपवणारी. तुला मांडवगण फराट्याला भैरूच्या घरी दिली एवढंच मला ठाऊक होतं. मांडवगणात भैरू काय एकच आहे? पत्ता काढता काढता सहा महिने गेले.

मी आता इथल्या शाळेत बाई आहे. नवरा महबूब इंजिन शेडमध्ये फिटर आहे. बोलतो कमी, हसतो जास्त, म्हणजे माझ्यासारखीला पाहिजे तसाच मिळाला.

आता मुद्दा. तुझी राणी जिवंत आहे.

खोटं वाटेल, पण आहे. घोडनदीच्या काठाला, तुमची मेंढरं रात्री कोंडायच्या वाघरीच्या जाळीजवळ तू शाईच्या दौतीत धरलीस ती. या श्रावणात तिला नऊ वर्षं होतील. तिच्या हाताखाली (तिला सहा पाय आहेत, हात कुठले, पण तू समजून घे) आज तीन-चारशे मुली राबतात. त्यातली एकही आळशी नाही. माझ्या वर्गात असं एखादं साल निघालं असतं तर मी पेढे वाटले असते.

त्या दिवसाची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली, फक्त तुला सांगितली नाही. मारुतराव गुरुजी म्हणाले होते की जी कुणी जिवंत राणी मुंगी आणून दाखवेल तिचं नाव पुण्याच्या शालेय प्रदर्शनाला जाईल. तू एक आणलीस, मी एक आणली. माझी पंखवाली, शेलाटी. तुझी बिनपंखांची, थोराड, काळीभोर. गुरुजींनी दोन्ही दौती माझ्यापुढं ठेवल्या, घड्याळवाल्याची पोर, बारीक बघायची सवय म्हणून. आणि मी म्हणाले, "गुरुजी, सगुणाचा हा मुंगळा आहे. तो मुंगळा, ती मुंगी. मुंगळा पुल्लिंगी. मग तो राणी कसा असेल?" गुरुजींना व्याकरण म्हणजे जीव की प्राण. ते खूश झाले. तेवढ्यात तू उठलीस. "गुर्जी, त्यो मुंगळा न्हाई. ती मुंगळी हाय." अख्खा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "मुंगळी? असा शब्द नाही, पोरी. शब्दच नाही तर ती वस्तू कुठून असणार?"

माझी पंखवाली चौथ्या दिवशी पाय वर करून मेली. ती राणी नव्हतीच, नवरदेव होता. त्यांनाही पंख असतात आणि लग्नाच्या उड्डाणानंतर ते चार दिवसही टिकत नाहीत, हे मला नंतर कळलं. तू बाकावर टाकून गेलेली दौत मी घरी नेली होती. आठवड्याभरात तुझ्या मुंगळ्यानं अंडी घातली. झालं! व्याकरण गेलं घोडनदीत वाहून. प्रदर्शनाला न्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून तीच गेली.

माझी चूक झाली, सगुणा. कबूल. अब्बांचं भिंग बरोबर असतं तर नीट बघितलं असतं, पण नेमकं त्या दिवशी मी ते घरी विसरले होते.

राणी कशी ठेवलीय ते वाचलंस तर तूही मान डोलावशील. आधी ती दवाखान्यातल्या काचेच्या नळीत होती. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, म्हणजे ओल येते पण पाणी येत नाही, आणि बाहेरून काळा कागद. पहिले चाळीस दिवस तिला काही खायला द्यायचं नसतं. पंखांचं काम संपलेलं असतं, म्हणून खांद्यातलं पंख हलवायचं मांस जिरवून ती पहिल्या पोरी वाढवते. माणसं मात्र उपाशी राहील म्हणून साखर घालतात, उघडून उघडून बघतात, आणि ती घाबरून स्वतःचीच अंडी खाते. मी उघडलं नाही. मला ओळखणारा कुणीही यावर विश्वास ठेवणार नाही, पण चाळीस दिवस मी गप्प बसले.

लग्न होऊन दौंडला आले तर इथं वेगळंच संकट. मालगाडी गेली की क्वार्टर हादरतं, भांडी वाजतात. राणी चार दिवस अंडी तोंडात धरून सैरावैरा. मग महबूबनं रेल्वेच्या डब्याच्या खिडकीच्या दोन जुन्या काचांमध्ये माती भरून तिला घर केलं आणि ते सायकलच्या ट्यूबच्या चार पट्ट्यांवर छताला टांगलं. गाडी गेली की घर हादरतं आणि राणी पाळण्यात झोके घेते. बघायचं झालं तर गार्डाच्या फुटक्या दिव्याची लाल काच मध्ये धरायची. मुंग्यांना लाल उजेड दिसत नाही, त्यांना वाटतं अंधारच आहे. अन्न म्हणजे गूळपाणी, मेलेली माशी, उकडलेल्या अंड्याचा बलक. ईदला मटणाचा एक कण, तो सगळ्यांत आधी राणीला जातो. महबूब म्हणतो, एका घरात दोन राण्या, मी शेडमध्येच बरा.

आता काम सांगते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले एक साहेब शाळा बघायला आले होते. नऊ वर्षांची राणी बघून ते खुर्चीत बसले ते उठेचनात. त्यांना तिच्यावर मासिकात लेख लिहायचाय. त्यांनी विचारलं, ही ओळखली कुणी? माझ्या तोंडून निघून गेलं, मी. सवयीनं निघालं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. तर तू मला दोन ओळी लिही, त्या दिवशी तू कशावरून ओळखलंस ते. मी साहेबांना कळवीन, तुझंही नाव येईल. किंवा सरळ दौंडला ये आणि बघून जा.

तुझी
बानू

(सोबत कोरं कार्ड ठेवलंय. पत्ता मीच लिहिलाय, तेवढीच तुझी मेहनत कमी.)


दौंड
रविवार, ४ ऑगस्ट १९६३

सगुणा,

कार्ड आलं नाही, माणूस आला. बाजारला मेंढरं घेऊन आलेले तुझे चुलतसासरे शाळेच्या फाटकाशी उभे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि पोरांचा गराडा.

"तुमीच का त्या मुंग्यावाल्या बाई?"

"मुंग्यांवाल्या," मी म्हणाले.

"त्येच त्ये. म्या कोंडिबा, मांडवगणचा. सुनंनं सांगावा धाडलाय. पत्र पोचलं म्हणली. आन् म्हणली, बाईस्नी येवढंच इच्यारा, तवा भिंगाला काय झालं व्हतं?"

मी विचारलं, आणखी काही म्हणाली का? ते म्हणाले, "न्हाई. पर पत्र चुलीत न्हाई घातलं. दाण्याच्या कणगीत ठिवलंय." कणगीत ठेवलंस तर मुंग्या लागतील, मी म्हणाले. म्हातारबुवा मनापासून हसले आणि मग जाता जाता म्हणाले, "आमची सगुणाबी बाईच हाय बगा. सांजच्याला धा-बारा पोरी जमीवती आंगनात. पाटी कुठली? राख पसरती आन् बोटानं गिरवून घेती. गावात म्हंत्यात, सरकारनं न्हाई केली तर काय झालं, तिची तीच झाली बाई."

ते निघून गेले. मी वर्गात जाऊन खडू हातात घेतला आणि काय शिकवायचं तेच आठवेना. माझ्या हातात खडू आहे आणि तुझ्या बोटाला राख. हे बरोबर नाही, एवढं कळायला मला नऊ वर्षं लागली.

तर भिंगाचं. आता नीट आठवलं. भिंग मी नेलं होतं, गळ्यात दोरीला होतं. पण काच धुरकट होती ग. अब्बांनी आदल्या दिवशी तेल लागलेल्या हातानं वापरलं असेल. त्यातून काही धड दिसलं नाही. झालं समाधान?

राणीची खबर फारशी चांगली नाही. महिनाभर तिनं एकही अंडं घातलेलं नाही. चालते हळू. तिच्या पोरी तिला चाटतात, भरवतात, गाडी गेली की भोवती कडं करून उभ्या राहतात. वय झालं, दुसरं काय. पण मी तिला अशी जाऊ देणार नाही. गूळपाण्यात थेंबभर मध घालते, काचेला दुपारची झळ लागू नये म्हणून ओलं फडकं बांधते. नऊ पावसाळे काढले तिनं, हाही काढेल. माझ्या हातची आहे.

साहेबांचं पत्र आलंय. बावीस सप्टेंबरला ते स्वतः येऊन राणी पुण्याला नेणार. तिथं काचेच्या मोठ्या पेटीत ठेवतील, वर पाटी लावतील, मेल्यावर टाचणीला टोचून ठेवतील. पाटीवर कुणाचं नाव, विचारतात. म्हणजे तिला जिवंत बघायचं तर तुझ्या हातात दीड महिना आहे. हट्ट सोड. ये.

बानू


दौंड
रविवार, ११ ऑगस्ट १९६३

सगुणा,

काच धुरकट नव्हती.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीतून परत काढता येत नाही म्हणून पोस्टमनच्या नावानं बोटं मोडत घरी आले. घड्याळवाल्याचं भिंग कधी धुरकट असतं का? अब्बा ते रोज सकाळी मलमलीनं पुसायचे. मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं. पाठीवर खांद्यापाशी, दोन्ही बाजूंना दोन-दोन वण. पंख काढून टाकल्याचे.

आणि काय बघायचं हेही मला माहीत होतं, कारण तू मला आदल्या संध्याकाळी नदीकाठी सांगितलं होतंस. दुसऱ्या कुणाला नाही, मला. दौत उजेडाला धरून म्हणालीस, "ह्ये बघ, बैलाच्या मानंला जवा जू घासतं तवा कसा वण पडतो? तसा हिला हाय. पंखांचं जू व्हतं, ते हिनंच उतरून टाकलंय. वझं वाहिलंय म्हणून खांदा असा भरलाय. साधा मुंगळा बघ, त्येचं डोस्कं मोठं आन् खांदा बारीक. ही लेकुरवाळी व्हनार हाय." तुझ्याजवळ ना पुस्तक ना भिंग. तू मेंढरं बघून शिकलेली, कोणती गाभण, कोणती नाही. तेच डोळे तू मुंगीला लावलेस.

आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून पुल्लिंग शिकवलं.

का, ते ऐक. त्याच आठवड्यात गुरुजी म्हणाले होते की यंदा सातवीच्या फायनल परीक्षेला आपल्या शाळेतून सगुणा कोळपे पहिली येणार. तुझ्या आबांची मेंढरं राखून गणितात पहिली! तुमच्याकडच्या बायका म्हणायच्या, मुंगीला पंख फुटले. मी त्यांच्यावर तुझ्या बाजूनं भांडले होते, आठवतं? पण गुरुजींनी तुझं नाव घेतलं ते मला सोसलं नाही. मला तू मैत्रीण म्हणून हवी होतीस, पहिली म्हणून नको होतीस. एवढीच गोष्ट आहे. ती सांगायला मी नऊ वर्षं व्याकरणाआड लपले.

अजून एक आहे. तुला ठाऊक असेल, नसेल, पण मी लिहिते. दुसऱ्या दिवशी तू वर्गात शिरलीस तेव्हा "मुंगळी आली" असं मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. ती मी होते. मग सगळेच म्हणायला लागले. फाटकाशी, नदीवर, बाजारात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू आलीच नाहीस. आबांनी काढली, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. आबांनी नाही काढली. त्या बिचाऱ्यांनी तुझ्या नव्या पाटीसाठी दोन कोकरं विकली होती. तुझे पंख तू उतरवले नव्हतेस, सगुणा. ते मी उपटले.

प्रदर्शनात मला कप मिळाला. तो पितळेचा आहे आणि त्यात मी खडू ठेवते. "जू उतरल्याचा वण" हे तुझे शब्द मी चार वर्षं पोरांना माझे म्हणून शिकवतेय. साहेबांनाही तेच सांगितलं आणि ते वहीत उतरवून घेताना वा वा म्हणाले. मी मान हलवली. तेव्हा मला काही वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट.

आता मी काय केलं ते सांगते. साहेबांना काल पत्र टाकलं. राणी माझी नाही, ओळखणारी मी नाही, ओळखायची खूण माझी नाही, मी फक्त तिला गूळपाणी घातलं. राणी हवी असेल तर मालकिणीला विचारा, सौ. सगुणाबाई, मांडवगण फराटा. ती न्या म्हणाली तर न्या, नको म्हणाली तर बावीस तारखेला येऊ नका. आणि कालच सातवीच्या वर्गात ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली, माझ्या भागासकट. एक पोरगी म्हणाली, "बाई, मग तुम्ही कॉपी केली?" मी म्हणाले, हो. कॉपी केली आणि जिची केली तिलाच नापास केलं.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. मागून मिळालेली माफी काय कामाची? मी फक्त एवढं म्हणते की राणी जिवंत आहे, आणि ती तुझी आहे. तू येईपर्यंत मी तिला जिवंत ठेवीन. यात मात्र मी पहिल्या नंबरची आहे, हे तुला मान्य करावंच लागेल.

बानू


दौंड
रविवार, १५ सप्टेंबर १९६३

सगुणे, चोरटे,

चोरटे म्हणाले, चुकलं. आपलीच वस्तू नेणाराला चोर म्हणत नाहीत. पण शुक्रवारी शाळेतून येऊन बघते तर छताला सायकलच्या ट्यूबच्या चार पट्ट्या लोंबतायत आणि पाळणा गायब! मी ओरडले. महबूब मोरीपाशी कपबश्या धूत होता. शांतपणे म्हणाला, "बाळंतीण माहेरी गेली."

मग त्याच्याकडून एकेक शब्द काढून घेतला. तुला ठाऊकच आहे, एरवी तो बोलायला पैसे पडतात असा वागतो. पण त्या दिवशी त्यानं तुझी नक्कल करून दाखवली, पदर खोचून.

तो म्हणाला, "मैं बोला, वहिनी, बसा, बानू येईलच आता. तर म्हणाल्या, 'बसाया न्हाई आले, दाजी. माझं जनावर न्याया आले.'"

माझं जनावर! मी दोनदा म्हणवून घेतलं.

तू लाल काच धरून राणीकडं खूप वेळ बघत उभी होतीस म्हणे. दोन गाड्या येऊन गेल्या तरी हलली नाहीस. मग विचारलंस, किती दिवस अंडी नाहीत. तो म्हणाला, दोन महिन्यांवर झाले. तू म्हणालीस, "म्हातारी झाली. हिच्या कडंला आता गाडीचा धक्का नगं. आमच्याकडं धक्का फकस्त कोंडिबामामाच्या खोकल्याचा." आणि मग भिंतीवर मी लिहून लावलेली राणीची काळजी, गूळपाणी किती, ओल किती, बोळा कधी बदलायचा, ते सगळं बोट फिरवत वाचलंस आणि शेवटी म्हणालीस, "समदं बरुबर लिवलंय. तिला सांगा, जतन चांगली केली."

हे त्यानं सांगितल्यावर मी रडले. मुळुमुळु नाही, चांगला हंबरडा फोडून, इतका की शेजारच्या बायका धावत आल्या. महबूबनं त्यांना सांगितलं, काही नाही, घरातली मुंगी गेली. त्या मला वेडी समजून परत गेल्या.

तू महबूबनं केलेला चहा प्यालीस, म्हणजे तुझी छाती अजून पूर्वीसारखीच आहे. माझ्याच नवऱ्याच्या डोक्यावर पेटी देऊन त्याला एस.टी. स्टँडपर्यंत चालवलंस. कंडक्टर म्हणाला, ह्यात काय? तर म्हणे तू सांगितलंस, "लेकुरवाळी हाय. मांडीवर घिऊन बसते." सबंध रस्ता मांडीवर धरून नेलीस का ग? न्हावरा फाट्याला केवढे खड्डे आहेत. पोरी बिथरल्या असतील. पहिले चार दिवस उघडू नकोस, अंधारात ठेव, आणि... जाऊ दे. वण बघून राणी ओळखणारीला मी काय सांगणार.

साहेबांचं उत्तर आलंय. तुलाही त्यांनी लिहिलं, तू त्यांना नको म्हणालीस, हे कळलं. रागावलेले नाहीत. म्हणतात, टाचणीला टोचण्यापेक्षा मांडवगणात मरेल तेच बरं, पण लेख लिहायचाच आहे, खूण सगुणाबाईंच्या शब्दांत आणि सगुणाबाईंच्या नावानं. "पंखांचं जू उतरल्याचा वण" तसंच्या तसं छापणार. फक्त त्यांची एक अडचण आहे. विचारतात, मुंगळ्याच्या राणीला मराठीत नेमकं काय म्हणायचं? 'राणी मुंगळा' लिहिलं तर वाचणारे हसतील आणि कोशात दुसरं काही सापडत नाही. त्यांना काय लिहायचं ते मी ठरवलंय. खाली येतेच.

आधी तू ठेवून गेलीस त्याचं.

पाळण्याच्या जागी, खाली कोनाड्यात, शाईची दौत. तोंडाला फडकं, आत ओला कापूस. बरोबर कागदाचा तुकडा, आणि त्यावर तुझं तेच अक्षर, बुटकं, ठाम, ओळीच्या वर न जाणारं. "वळखून दाव. भिंग वापर."

'वापर'च्या खाली दोन रेघा मारल्यास. एक पुरली असती, बाई.

तर अब्बांचं भिंग पेटीतून काढलं. मलमलीनं पुसलं. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसले, आणि घाई केली नाही. उत्तर लिहून पाठवते, तपासून घे.

रंग काळा, पायांच्या सांध्यांशी तांबूस. लांबी माझ्या नखाएवढी. डोकं अंगाच्या मानानं लहान, म्हणजे शिपाई मुंगळा नव्हे. कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वळलेल्या, म्हणजे वाळवी नव्हे. खांदा भरलेला, पोट मोठं. दौतीच्या तळाशी चार पंख पडलेत, दोन मोठे, दोन धाकटे, एकही फाटलेला नाही. म्हणजे कुणी उपटले नाहीत, हिनं स्वतः उतरवून ठेवलेत. आणि पाठीवर, खांद्यापाशी, दोन्ही बाजूंना दोन-दोन वण. स्वच्छ दिसतात. कापसाच्या कडेला तीन अंडी आहेत. दौत मी झाकून ठेवलीय, आता चाळीस दिवस उघडणार नाही.

हीच ओळख काल सातवीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. मारुतराव गुरुजी आता नाहीत, नाहीतर त्यांनाही कार्ड टाकलं असतं. साहेबांना मात्र टाकलंय, की कोशात नसलं तरी घोडनदीच्या काठी आहे, शिरूरच्या सगुणा आबा कोळपेनं सातवीत असताना सांगितलेलं आहे, आणि वर्ग हसला म्हणून ते खोटं ठरत नाही.

तुझ्या दौतीत आहे ती मुंगळी.

असा शब्द आहे.

बानू